वर्ण: निमगोरी

दर रविवारी सकाळी दहाला रंगराव आकुर्डीच्या समाजमंदिरात टेबल मांडून बसत. वधू-वर मंडळाचे फॉर्म भरून घेणं हे त्यांचं काम. नाव, जन्मवेळ, उंची, शिक्षण हे आईबाप सांगत. पाचव्या रकान्याशी, 'वर्ण'पाशी, मात्र सगळे थांबत आणि रंगरावांकडे बघत. ते मुलीकडे एकदा नजर टाकत आणि लिहीत: गोरी, निमगोरी, गव्हाळ किंवा सावळी.

"रंगरावांनी लिहिलं म्हणजे खात्री करायची गरज नाही," मंडळाचे अध्यक्ष अर्जुनराव सांगत. "चाकणला गाड्या पास करणारा डोळा आहे तो."

ते खरंच होतं. चाकणच्या एका कारखान्यात बावीस वर्षं ते पेंट शॉपला शेड तपासत होते. रंगून आलेल्या दरवाजाला नमुन्याचा पत्रा लावायचा, ट्यूबलाइटखाली तिरकं बघायचं. जुळला तर ओके, नाहीतर रीवर्क. "राव, आईबापांनी डिपार्टमेंट बघूनच नाव ठेवलं तुमचं," अशी शिफ्टमध्ये थट्टा व्हायची.

अकरा वर्षांत त्या रकान्यात त्यांनी एकही शब्द चुकीचा लिहिला नव्हता. पहिला चुकीचा शब्द त्यांनी स्वतःच्या मुलीच्या फॉर्मात लिहिला.

योगिनी तेवीस वर्षांची. तिच्या आईचं, शालनचं, माहेर देवगडकडचं. मामाच्या गावच्या किनाऱ्यावर कुणीतरी सर्फिंगची शाळा काढली आणि सुट्टीत गेलेली पोर लाटेत फळीवर उभी राहायला शिकली. पुढे दर सुट्टीत तेच. गेल्या जूनमध्ये मंगळूरच्या स्पर्धेत देशभरातून आलेल्या मुलींत तिचा तिसरा नंबर आला. फळ्या बनवणाऱ्या एका कंपनीने वर्षभराचा करार देऊ केला. फळी, प्रवास, प्रशिक्षक सगळं कंपनीचं. एप्रिलमध्ये केरळातल्या स्पर्धेत कंपनीचं नाव छातीवर लावून तिने उतरायचं. तिथून पुढे हीच तिची नोकरी.

घरात कुणी तिला अडवलं नव्हतं. फक्त उन्हाने तिचा चेहरा आणि हात रापले होते. पाण्यात घालायच्या शर्टाची बाही जिथे संपे, तिथे मनगटावर रेघ मारल्यासारखा रंग बदलत होता. फॉर्म पुढ्यात घेतला तेव्हा 'सावळी' हा शब्द रंगरावांच्या पेनात आला होता. त्यांनी 'निमगोरी' लिहिलं.

"कुठली, पप्पा?" योगिनीने वाकून बघत विचारलं. "बाहीच्या आतली की बाहेरची?"

जानेवारीत चिखलीच्या दुर्गाबाई मुलाला, रविराजला, घेऊन आल्या. मुलगा फार बोलला नाही. पोहे झाल्यावर दुर्गाबाईंनी योगिनीला शेजारी बसवलं, बांगड्या मागे सारल्या आणि आपलं मनगट तिच्या मनगटाला लावलं.

"फॉर्मात तर निमगोरी हाय," त्या म्हणाल्या. रागावून नव्हे, बाजारात माल बघावा तशा.

रंगरावांना ती हालचाल ओळखीची होती. रोज तीनशे वेळा ते तेच करत होते.

"समुद्राचं ऊन ते, ताई. उतरतं," रंगरावांची बहीण छबूबाई म्हणाली. ती सांगवीला राहायची; हे स्थळ तिनेच आणलं होतं.

"उतरू द्या की. आमी थांबतो. साखरपुडा मार्चअखेर धरू. पन तवर समुद्र बंद."

"पायही बघून घ्या, काकू," योगिनी म्हणाली. "तिथं तिसरा शेड आहे."

रविराज हसला. आईने बघताच थांबला.

दुसऱ्या दिवशी छबूबाई पार्लरमधून रंग उजळायच्या क्रीमची एक डबी घेऊन आली. पांढरी, वर काही न लिहिलेली.

"मी नाही लावणार, आत्या."

"साखरपुड्यापुरतं गं. मग हो वाटेल तेवढी काळी. कोण बघतंय?"

"मग आत्ताच कोण बघतंय?"

छबूबाईने भावाकडे बघितलं. रंगरावांनी पेपर खाली ठेवला. काहीतरी मार्ग निघतोय एवढंच त्यांना वाटलं.

"लाव गं," ते म्हणाले. "मार्चमध्ये साखरपुडा, एप्रिलमध्ये तुझं केरळ. मी स्वतः गाडीत बसवून देतो."

त्यांनी शब्द दिला, म्हणून तिने लावलं.

तीन आठवड्यांत रंग उजळला. सहाव्या आठवड्यात फॉर्मातला शब्द खरा ठरला. "आता कशी, लिवल्यासारखी दिसती," दुर्गाबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या. गालावर बारीक लाल शिरा दिसताहेत, हे शालनने नवऱ्याला दाखवलं. त्यांनी तिरकं बघितलं. शिरा होत्या.

"थंडीने असेल," ते म्हणाले.

सरावाशिवाय केरळला जाता येणार नव्हतं. मार्चच्या सुरुवातीला छबूबाईला न सांगता रंगरावांनी मुलीला देवगडच्या बसमध्ये बसवलं. ती दोन तास पाण्यात होती. दुपारपर्यंत चेहरा सुजला, संध्याकाळी फोड आले.

चिंचवडच्या डॉक्टरबाईंनी डबी उघडून बघितली, कधीपासून लावतेय ते विचारलं.

"यात स्टेरॉइड असणार. असल्या फार केसेस येतात. कातडी पातळ झालीय. उन्हात जायचं नाही, निदान वर्षभर."

"मला एप्रिलमध्ये केरळला..."

"वर्षभर," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग रंगरावांकडे वळून, "तुम्ही काय करता?"

"पेंट शॉपला आहे."

"रंग जास्त घासला की काय होतं?"

"खालचा पत्रा दिसतो," रंगराव म्हणाले.

योगिनी रडली नाही. घरात कुणीच रडलं नाही. शालनने खिडक्यांना जाड पडदे लावले. यंदाचा करार साक्षी नावाच्या मुलीशी करत आहोत, असं कंपनीने सभ्य भाषेत कळवलं. योगिनीने साक्षीला अभिनंदनाचा मेसेज पाठवला. दुर्गाबाईंकडून दोनच शब्द आले, 'योग नाही.' छबूबाईने फोनवर डागांसाठी दुसरी डबी सुचवली. शालनने फोन ठेवून दिला. रंगराव शिफ्टला जात राहिले, दरवाजाला पत्रा लावत राहिले. जेवणाची चव लागत नव्हती, तरी ते जेवत होते.

केरळची स्पर्धा झाली त्या रविवारी त्यांच्या टेबलासमोर स्वप्नाली नावाची मुलगी आईबरोबर बसली होती. चेहऱ्यावर पावडर होती, मानेवर नव्हती. चार रकाने भरून झाले. रंगरावांनी पेनाला टोपण लावलं.

"हा मी भरणार नाही."

"का हो? पोरीत काही खोट दिसली का?" आईने घाबरून विचारलं.

"खोट माझ्या लिहिण्यात आहे."

आणि त्यांनी सांगितलं. मुलीच्या फॉर्मात काय लिहिलं, तो शब्द खरा करायला तिच्या तोंडाला काय लावलं, त्यात तिचं काय गेलं. हजेरी वाचावी तशा आवाजात.

"पण रकाना रिकामा ठेवला तर लोक फोन करून विचारतील, राव," अर्जुनराव हळूच म्हणाले.

"विचारू द्या. सांगायला मी नसेन."

त्यांनी कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा ओढला, पट्टी घेतली आणि एकेका फॉर्मावर पाचव्या रकान्यात आडवी रेघ मारायला लागले. कुणी अडवलं नाही. कुणी मदतही केली नाही. स्वप्नालीच्या आईने आपला फॉर्म स्वतःकडे घेतला आणि त्यात स्वतःच्या हाताने लिहिलं: गोरी.

घरी पडदे ओढलेलेच होते. योगिनी जाड नळीच्या तुकड्यावर फळी ठेवून तोल सांभाळत होती. पलंगावर एक छापील कागद पडला होता, पुढच्या मे महिन्यातल्या स्पर्धेचा अर्ज. अजून तेरा महिने होते. रंगरावांनी सवयीने तो उचलला. नाव, वय, उंची, वजन. पाचव्या रकान्याशी त्यांचं बोट थांबलं.

"'कोणता पाय पुढे' म्हणजे?"

"फळीवर कुठला पाय पुढे ठेवतो ते. ज्याचा त्याचा ठरलेला असतो."

"कसं कळतं?"

"मागून कुणीतरी अचानक ढकलायचं. सावरायला जो आपोआप पुढे येतो, तो." ती फळीवरून उतरली आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. "ढकला, पप्पा."

रंगरावांनी हात उचलला. तो तिच्या पाठीपर्यंत जाईना.

"ढकला. मी पडत नाही."

त्यांनी ढकललं. डावा पाय पुढे आला आणि ती उभी राहिली.

रंगरावांनी पेनाचं टोपण काढलं, पाचव्या रकान्यात 'डावा' असं लिहिलं, आणि शब्द बरोबर पडलाय ना ते पुन्हा एकदा बघितलं.