बंडप्पाच्या मुंग्या

जगात गोडी दोनच प्रकारची: एक देवानं उसात भरलेली, दुसरी माणसानं बाटलीत भरलेली, आणि दोहोंत खरी कोणती, याचा निवाडा सृष्टी स्वतः देईल. हा सिद्धांत जळकोटच्या बंडप्पा किराणेवाल्यानं मांडला, तेव्हा सृष्टी म्हणजे त्याच्या परसातल्या मुंग्या होत्या. त्यांनी निवाडा दिलाही. फक्त बंडप्पानं तो उलटा वाचला.

लढाईचे दिवस होते. साखर चिठ्ठीवर मिळायची आणि चिठ्ठी अंमलदाराच्या मर्जीवर. बंडप्पाला मात्र साखरेची टंचाई नव्हती. ती त्याच्या अंगातच होती. हे प्रथम मुंग्यांना कळलं. तो गोठ्यामागं लघवीला जायचा तिथं त्या रांगेनं जमू लागल्या. मग ते त्याच्या बायकोला, रुद्रम्माला कळलं. सर्वांत शेवटी सोलापूरच्या डॉक्टरला कळलं, आणि फी त्यानं घेतली.

डॉक्टरनं गूळ-साखर बंद केली, भाकरी मोजून दिली आणि चहासाठी सॅकरीनच्या गोळ्यांची बाटली दिली. म्हणाला, यात ताकद नाही की औषध नाही, नुसती जिभेची समजूत आहे. मंडळींना गूळ खुशाल खाऊ द्या, त्यांच्या अंगात तो कामाला लागतो. तुमच्या अंगात नुसता साचतो. परतताना निजामाच्या करोडगिरी म्हणजे जकात नाक्यावरच्या कारकुनानं ही काय चीज म्हणून एक गोळी जिभेवर ठेवली. संध्याकाळपर्यंत तो थुंकत होता म्हणतात.

बंडप्पाच्या घराण्यात एक नेम होता. लिंगपूजा झाली की घरचा कर्ता ज्या गोडानं तोंड गोड करणार, त्यातलं थोडं पिठात कालवून आधी मुंग्यांच्या बिळापाशी घालायचं. त्यांनी तोंड लावल्यावर आपण. नेमात गुळाचं नाव नव्हतं, की गोळीला मनाई नव्हती. बंडप्पानं पाच गोळ्या कुटून पिठात घातल्या आणि बिळापाशी उकिडवा बसला.

मुंग्या आल्या. बोटभर अंतरावर थांबल्या. मग रांग दोहीकडं फाकत पिठाभोवती फिरली आणि गोल पुरा झाला. सगळ्यांची तोंडं आत. एकही हलेना. उन्हं वर आली, लिंबाची सावली सरकली, गोल तसाच. दुसऱ्या दिवशी तो दुहेरी झाला. तिसऱ्या दिवशी बंडप्पानं पीठ घातलंच नाही, तरी मुंग्या आल्या आणि मोकळ्या मातीभोवती उभ्या राहिल्या. मधोमध त्याच्याच पावलांचे दोन ठसे होते.

शेजारचा धोंडीबा बघायला आला. बराच वेळ बघून तो म्हणाला, आमच्यात कावळा पिंडाला शिवला न्हाय की असंच वाटतं.

"ते मेल्यावर," बंडप्पा म्हणाला. "म्या जिता हाय."

"कावळ्याला मेल्यावर कळतं, अण्णा. मुंगीला आधी कळत असंल."

एवढं सांगून धोंडीबा पेरणीला गेला. बंडप्पाला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी त्यानं रुद्रम्माच्या वाट्याच्या ढेपेतला गूळ फोडला आणि बिळापाशी ठेवला. पापणी लवायच्या आत ढीग काळा झाला. हायसं वाटून त्यानं तिथंच मुठीएवढा खडा तोंडात टाकला. रुद्रम्मानं डॉक्टरची आठवण करून दिली, तर त्यानं डॉक्टर मोठा की मुंगी, असं विचारलं. मुंगीला फी नसते, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता.

पंधरा दिवस गूळ चालला. घागर दोनदा भरावी लागे, तरी घशाची कोरड जाईना. वहाण लागून टाचेला झालेली जखम मिटेना. पण ती दुखतही नव्हती, तेव्हा बंडप्पानं ती बरी झाल्यात धरली.

मग एका सकाळी जाग आली तेव्हा त्याला पायात काळा मोजा दिसला. त्याच्याकडं मोजे नव्हते. मोजा हळूहळू घोट्याच्या वर सरकत होता. परसातून निघालेली रांग उंबरा ओलांडून बाजेच्या पायावरून थेट टाचेपर्यंत आली होती. काहीच जाणवत नव्हतं. गुळाच्या ढिगावर जशा बसल्या होत्या तशाच, गडबड न करता बसल्या होत्या.

रुद्रम्मानं कोमट पाण्यानं पाय धुतला. धुताना तिचा आवाज चढला नाही.

"गोळी घातली त्या दिवशी तुमाला सोडून उभ्या व्हत्या त्या. तुमी गूळ खाऊन त्यास्नी परत बोलावलंत."

बंडप्पानं बैलगाडी जोडायला सांगितली. सोलापूरच्या डॉक्टरनं या खेपेला फी घेतली आणि वर शिव्याही दिल्या. टाच भरायला दिवाळी उजाडली.

नेम आता रुद्रम्मा चालवते. गूळ ती खाते, म्हणून गूळच घालते. ढीग काळा होतो. थोड्या मुंग्या मात्र रोज वेगळ्या निघतात आणि बाजूला उभ्या असलेल्या बंडप्पाच्या पायांभोवती, बोटभर अंतर राखून, गोल धरतात. पहिल्यांदा तो मागं सरला होता. आता त्या आल्या नाहीत तर त्याला चैन पडत नाही. त्या उभ्या असेतो तो हलत नाही. चहाही तिथंच, गोलाच्या आत उभ्यानं पितो.

एके दिवशी घोट घेऊन त्यानं खाली पाहिलं. सगळी तोंडं त्याच्याकडं होती. तो हळूच, त्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाला,

"रुद्रम्मा, उद्यापासून गोळी दीडच टाक. दोन टाकल्या की कडू लागतं."