बारीक वायर

देवाचा वाढदिवस होता, खेळाची वेळ होत आली होती आणि हार्ड डिस्क काही केल्या उठत नव्हती. युए-चिनने ती कानाशी धरली. आत काहीतरी फिरायला लागायचं, दोनदा टकटक व्हायची आणि पुन्हा सामसूम. दिवा लुकलुकायचा, पण लॅपटॉपच्या पडद्यावर काहीच उमटत नव्हतं.

त्या डिस्कवर तिच्या वडिलांचा आवाज होता. लियाव तिएन-फू म्हणजे युनलिन जिल्ह्यातल्या हातबाहुल्यांच्या खेळातलं मोठं नाव. राजा, दरोडेखोर, विदूषक, खाष्ट म्हातारी, सगळे त्यांच्या एकट्याच्या गळ्यातून बोलायचे. गळ्याचं ऑपरेशन व्हायच्या आधी त्यांनी सगळे खेळ रेकॉर्ड करून ठेवले. तेव्हापासून युए-चिन आणि तिचा धाकटा भाऊ वेन-शान त्या आवाजावर बाहुल्या नाचवत होते. हल्ली बऱ्याच मंडळ्या असंच करतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. वडील प्रत्येक खेळाला बरोबर यायचे. ट्रकवरच्या रंगमंचामागे प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचे, थर्मासमधला चहा प्यायचे आणि स्वतःलाच ऐकत राहायचे.

गेल्या वर्षी याच देवळापुढे ते घोगऱ्या आवाजात म्हणाले होते, "म्हातारीचा तेवढा प्रवेश मी करू का? तेवढ्यापुरता गळा चालेल."

युए-चिन घाईत होती. "राहू द्या आपा," ती म्हणाली, "लोकांना तुमचा आवाज ऐकायचाय."

आपण काय बोललो ते तिला बोलून गेल्यावर कळलं. वडिलांनी मान डोलावली आणि स्टूल जरा मागे ओढून घेतलं. त्यानंतर त्यांनी कधीच काही मागितलं नाही. ते वाक्य माशाच्या काट्यासारखं तिच्या घशात अडकून बसलं होतं. माफी मागायची तर ते पुन्हा तोंडातून काढावं लागणार, म्हणून वर्षभर तिने माफीही टाळली.

आता डिस्कने असा दगा दिला होता. वेन-शानने ती लॅपटॉपच्या दुसऱ्या खाचेत लावून पाहिली, लॅपटॉप बंद करून सुरू केला, शेजारच्या सॉसेजवाल्याच्या पोराकडून वायर मागून आणली. शेवटी त्याने डिस्कला हात जोडले. दुसरी प्रत काढून ठेवायचं दर वर्षी कोण म्हणतं आणि कोण विसरतं, यावरून बहीणभावांची थोडी जुंपलीही.

देवळाचे प्रमुख सू काका सुपारी चघळत आत डोकावले. "समोर चार म्हातारे आणि एक कुत्रा आहे, मान्य," ते म्हणाले, "पण देव बसलाय ना पुढे? त्याला काय मुका खेळ दाखवणार?"

तेव्हा वडील उठले. चहाची चूळ भरली, थुंकले, माईक हातात घेतला आणि वेन-शानला म्हणाले, "झांज काढ. पडदा उघड."

नको म्हणायला युए-चिनला तोंड नव्हतं. खेळ सुरू झाला. आवाज फाटका होता, राजा धापा टाकत होता, पण बोलत होता. तिची बाहुली पुढच्या प्रवेशातली होती, म्हणून तेवढ्यात तिने डिस्क पुन्हा उलटसुलट करून पाहिली. मागे वायरच्या जागेशेजारी एक छोटं गोल भोक होतं आणि त्याच्याभोवती चिकटपट्टीचा ताजा चट्टा. मग तिला आठवलं. ही डिस्क जुनी, एका वायरीने हिचं पोट भरत नाही, म्हणून दुकानदाराने जास्तीच्या विजेसाठी दुसरी बारीक वायर दिली होती. वेन-शानने ती चिकटवून टाकली होती, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नसे.

तिने सामानाची पेटी उपसली. वायर नव्हती. वर पाहिलं तर वडिलांनी माईक उंचावला होता, त्यांचं जाकीट वर सरकलं होतं आणि खिशातून काळ्या वायरीचं टोक लोंबत होतं.

हात लांब करून ती काढून घेतली असती तर खेळ रोजच्यासारखा झाला असता. स्वतःच्या मंडळीत चोरी करायची पाळी आपण बापावर आणली, हे युए-चिनला फार लागलं. तिने डिस्क खाली ठेवली.

"ताई, काय झालंय कळलं का?" वेन-शानने हळूच विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "डिस्क मेली बहुतेक."

तिने म्हातारीची बाहुली हातात चढवली. रेकॉर्डिंगमधला प्रत्येक श्वास तिला पाठ होता, पण आज वडील त्यांना वाटेल तिथे थांबत होते. कितीतरी वर्षांनी ती त्यांच्या तोंडाकडे बघत, त्यांच्यासाठी थांबत बाहुली नाचवत होती. फाटक्या गळ्यातून म्हातारी सुनेला शिव्या देऊ लागली तशी समोरची चारही डोकी हसायला लागली.

खेळ संपल्यावर वडील स्टुलावर बसले. गळा पार गेला होता. त्यांनी खिशातून वायर काढली आणि तिच्याकडे न बघता पेटीत ठेवली.

"सापडली बघ," ते कसेबसे म्हणाले. "उद्या लाव."

माफीचे शब्द आजही तिला फुटले नाहीत. तिने थर्मासमधला चहा ओतून त्यांच्या हातात दिला.

"उद्याही म्हातारीच्या प्रवेशाला डिस्क बिघडणार आहे, आपा," ती म्हणाली.

वडिलांनी चहाचा घोट घेतला. "वेळेवर बिघडू दे म्हणजे झालं," ते म्हणाले आणि स्टूल पुढे ओढून घेतलं.