सहीवाचून अडलेलं पाणी

रविवारचे पोहे आटोपून सौमित्र आणि देवयानी नोव्हाय ह्या अमेरिकन उपनगरातल्या घरून निघाले, ते शहरातल्या जुन्या वस्तीत भाड्याने दिलेल्या आपल्या दुसऱ्या घराकडे. मागच्या सीटवर तीन वर्षांची आन्या पेंगत होती.

त्या गल्लीतले, पाण्यात विष उतरवणारे शिशाचे जुने पाइप नगरपालिका फुकट बदलून देत होती. तसं पत्र घरमालकांना आलं होतं; हवी होती फक्त मालकाची सही. पण घरं घेऊन भाड्याने देणाऱ्या आपल्या मराठी मंडळींत एक रीतच पडून गेली होती: आधी भाडेकरू काढायचा, मग पाइप बदलायचा, मग चढ्या भाड्याने नवा माणूस आणायचा.

"मोहनकाकांनी चार घरं अशीच केली," सौमित्र म्हणाला. "तू उगीच इमोशनल होतेस यार. आज नोटीस देऊ. घर रिकामं झालं की पाइपची सही."

"आणि तोवर ती बाई तेच पाणी पिणार?"

"इतकी वर्षं पितेच आहे ना!"

देवयानीने नोटीस आणि पाइपचं संमतीपत्र, दोन्ही कागद पर्समध्ये सरकवले. घर दोघांच्या नावावर होतं खरं; संमतीपत्राला कुणा एकाची सही पुरे, नोटिशीवर मात्र दोघांची हवी. पण सही म्हणजे नवरा बोट ठेवील तिथे नाव लिहिणं, एवढंच तिला ठाऊक.

भाडेकरू तमिकाने हसून दार उघडलं. आन्याएवढाच तिचा मुलगा टेबलापाशी दूध पीत होता, नळाच्या पाण्यात पावडर कालवून केलेलं.

"ममा, आय वाँट वॉटर," आन्या म्हणाली.

तमिकाने लगबगीने नळाखाली पेला भरला आणि पोरीपुढे धरला. देवयानीने झडप घालून तो हिसकावला. पाणी फरशीवर सांडलं.

तमिका बघतच राहिली. "काय झालं?"

"तिचं पोट जरा नाजूक आहे," सौमित्र घाईने म्हणाला.

"पोट ठणठणीत आहे तिचं," देवयानी म्हणाली. "पाइप शिशाचा आहे, तमिका. मुलाला हे पाणी देऊ नकोस."

"देवयानी!"

तिने पर्समधून दोन्ही कागद काढले. संमतीपत्रावर तिथेच, ओट्यावर टेकून, सही केली. नोटीस सौमित्रच्या हातात दिली. "ह्याच्यावर माझी सही मिळायची नाही. आज नाही, पाइप बदलल्यावरही नाही."

तमिकाने मुलाच्या हातातला पेला काढून घेतला. पोर रडू लागलं. त्याला कडेवर घेऊन तिने हळूच विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"



"तीन महिने," देवयानी म्हणाली.