खिळ्यांच्या डब्यातलं पदक

मित्रांनो, मी एक जुनं शौर्यपदक आहे आणि राहतो खिळ्यांच्या डब्यात. हसू नका. टाकसाळीतून निघालो तेव्हा माझा थाट काय विचारता! मखमली पेटी, निळी फीत, समोर बँड. युद्धात बुडू लागलेली नौका वाचवली म्हणून एका तरुण नौदल अधिकाऱ्याच्या छातीवर मला लावलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी फुशारलो. तो मात्र हसला नाही. घरी जाताच त्याने मला काढून ठेवलं, ते कायमचं.

युद्ध संपलं आणि तो घरं बांधू लागला. गवंडी त्याला ‘कप्तान’ म्हणत. मला त्याने हत्यारांच्या पेटीतल्या खिळ्यांच्या डब्यात टाकलं. भिंत सरळ आहे का ते पाहणाऱ्या ओळंब्याला रोज मान आणि माझ्या नशिबी गंजक्या खिळ्यांची टोचणी! कप्तानाचं काम चोख, पण एक खोड होती. प्रत्येक खोलीला तो दोन दारं ठेवायचा.

“अहो कप्तान, सगळीकडे दारंच दारं! कपाट कुठे ठेवू मी?” घरमालकीण करवादायची.

“कपाट मी भिंतीत बसवून देतो, वहिनी. दार राहू द्या.”

एके दिवशी बांधकामावर एक म्हातारी आली. तिचा मुलगा त्याच नौकेवर खलाशी होता, युद्धात गेला होता. वाळूच्या ढिगाशेजारी बसून तिने विचारलं, “तू तिथे होतास ना रे? माझा पोरगा झटकन गेला, असं सगळे सांगतात. तू खरं सांग.”

कप्तानाच्या हातातली थापी थांबली. खोटं बोलला असता तर दोघंही सुटली असती.

“नाही, आई. खालच्या खोलीत पाणी शिरत होतं. दार लावलं नसतं तर सगळेच बुडालो असतो. लावा म्हणून मीच सांगितलं. तो आत होता. ठोठावत होता. आवाज थांबेपर्यंत मी बाहेर उभा होतो.”

मग त्याने मला डब्यातून काढून तिच्या हातावर ठेवलं. “हे त्याचं आहे.”

तिने मला वाळूत ठेवलं आणि ती निघून गेली. मागे वळूनही पाहिलं नाही. कप्तान तिथेच बसून हमसून हमसून रडू लागला. गवंड्यांनी माना खाली घालून थाप्या धुतल्या आणि ते घरी गेले.

मित्रांनो, पदक मिळालेल्या माणसासाठी टाळ्या जरूर वाजवा. पण नंतर कधीतरी त्याच्या घरीही जा. जेवलात का, विचारा. बोलला तर ऐका, गप्प राहिला तर नुसते शेजारी बसा. त्या संध्याकाळी त्याच्याजवळ मी एकटाच होतो, आणि पाठीवर ठेवायला मला हात नाहीत.