आईकडून येणारी जमीन

आमच्या ग्वाडलकनाल बेटावर जमीन आईकडून येते. माझी आई समुद्रापलीकडच्या मलाइता बेटावरची, आणि तिकडे जमीन येते बापाकडून. बाप माझा इथला. म्हणजे मी धड इकडचा ना धड तिकडचा. दोन बेटांत मारामारी पेटली तेव्हा गावाने आईला बोटीत बसवून माहेरी धाडलं. ती परत आलीच नाही. पुढे बाप गेला, आणि टेकडीवरच्या त्याच्या घरात मी एकटा उरलो. कधीकधी दिवसभरात तोंड उघडायचं कारण पडत नाही.

टेकडीखालची खाडी खोल आहे. मोठमोठी लढाऊ जहाजं आत येऊ शकतात, एवढाच आमचा गुण. गेल्या वर्षी उत्तरेकडचा एक देश सौरदिवे घेऊन आला. यंदा त्याचा वैरी, दक्षिणेकडचा, पाण्याच्या टाक्या घेऊन हजर. माझा आत्तेभाऊ कास्पर एकाची टोपी नि दुसऱ्याचा सदरा घालून हिंडतो.

दक्षिणवाल्यांचा साहेब आधी मलाच किनाऱ्यावर भेटला. मी राजधानीत, होनियाराच्या हॉटेलात इंग्रजी शिकलेलो. शिवाय त्याच्या देशात बापाचं ते मुलाचं.

"मिस्टर रूबेन, ही तुमच्या वडिलांची जमीन ना? धक्क्यासाठी हवी आहे, सही करा. तुम्ही म्हणाल तेवढा तुकडा तुमच्यासाठी सोडून देऊ."

खोटं कशाला बोलू, हात पुढे गेला होता. पण मलाइतावालीच्या पोराने इथली जमीन परक्याला दिली, एवढं कानावर पडायचा अवकाश, पुन्हा कोयते निघाले असते.

"जमीन माझ्या आत्याची," मी म्हणालो. "सेलिना आत्याची. तिच्याशी बोला."

दुसऱ्या दिवशी चर्चच्या अंगणात बैठक बसली. आत्याच्या कास्परने मला बाजूला घेतलं.

"दादा, तू मध्ये बोलू नकोस हं. आपलं ते इंग्रजी तेवढं सांभाळ."

"कळतं रे मला."

"रागावू नकोस. लोक टपलेलेच असतात."

सगळं ठरलं. धक्का, गोदाम, रस्ता. मग साहेबाने नकाशावरून मान वर केली आणि टेकडीकडे बोट दाखवलं.

"ते घर कुणाचं? धूर निघतोय तिथून."

सकाळी मी तापल्या दगडांवर रताळी ठेवून आलो होतो. साहेबाचा प्रश्न मी जसाच्या तसा कास्परला विचारला. त्याने आत्याकडे पाहिलं. आई गेल्यावर याच आत्याने मला भरवलं, न्हाऊ घातलं. ती मांडीवरची चटई चाचपत राहिली. मला वाटलं, बोलेल. फार वाटलं.

"कुणाचं नाही म्हणावं," कास्पर म्हणाला. "रिकामंच आहे."

मी ते इंग्रजीत सांगितलं.

"नक्की?" साहेबाने विचारलं.

हे कास्परला विचारायची गरज नव्हती.

"नक्की," मी म्हणालो.