डबा माझा, भूक तुझी

मंचरच्या आत्याकडून निघाल्यावर पारस गाडी आळेफाट्याच्या दिशेने वळवू लागला, तसा पुनमचंद शेठनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“तिकडं नाही. शिनोलीला चल.”

“शिनोलीला कोण आहे आपलं, पप्पा?”

“बुद्धभूषण.”

पारसने गाडी घोडेगावच्या रस्त्याला लावली.

काल पर्युषणाचा शेवटचा, संवत्सरीचा उपवास झाला होता. आजचा दिवस क्षमा मागायचा. पारसने ते काम सकाळी दात घासता घासता उरकलं होतं. जोडलेल्या हातांचं चित्र, खाली ‘मिच्छामि दुक्कडम्’, आणि एका बोटासरशी सगळ्या जगाला रवाना. शेठना हा प्रकार मुळीच पटत नसे. ते दारोदार जात, हात जोडत आणि आपलं काय चुकलं ते तोंडाने सांगत. चूक न सांगता मागितलेली माफी म्हणजे माल न दाखवता केलेली विक्री, असं त्यांचं म्हणणं. चाळीस वर्षं पत्रे, पाइप आणि सिमेंट विकलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार!

“त्याच्याकडे आजच कशाला?” घोडेगाव मागे पडल्यावर पारसने विचारलं.

शेठनी कानातलं मशीन जरा दाबलं. “दरवर्षी ठरवतो. दरवर्षी लाज आडवी येते. आता किती वर्षं हातात आहेत?”

दुतर्फा भात पोटरीला आला होता. पारसला त्यातलं काही दिसत नव्हतं. त्याच्या डोळ्यापुढे दुकानामागचं पत्र्याचं गोडाऊन होतं. तिथे तो गिटार वाजवायचा नि गायचा. बुद्धभूषण ड्रम बडवायचा आणि गाणी लिहायचा. थ्रॅश मेटल म्हणजे काय हे आळेफाट्यात त्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. बाकीच्यांना वाटायचं, शेठच्या गोडाऊनमध्ये पत्रे कापायचं काम चालू आहे.

मग एक दिवस शेठनी बुद्धभूषणला तिथून हाकललं. पंधरवड्याने बुद्धभूषणने पारसला घोडेगावच्या एसटी स्टँडवर गाठलं आणि चहाच्या टेबलावर हाताने ताल धरून एक गाणं म्हणून दाखवलं. ‘बाहेर’. “तूच म्हन हे,” तो म्हणाला होता, “माजा आवाज न्हाई तसा.” पारसने म्हटलं. पुण्याला जाऊन, दुसरी पोरं जमवून म्हटलं, आणि खाली गीतकार म्हणून नाव घातलं ते स्वतःचं. गाणं तुफान चाललं. मुलाखतीत त्याने बेधडक सांगून टाकलं, की मला माझ्या बापाने गिटारीसकट घराबाहेर काढलं, त्या रागात मी हे लिहिलं. गाण्यात एक ओळ होती, ‘डबा माझा, भूक तुझी’. तिचा अर्थ विचारल्यावर तो मालक आणि मजूर यांच्यावर भरपूर बोलला.

पारसने आपल्या पानावर टाकलेल्या त्या मुलाखतीखाली बुद्धभूषणच्या बायकोने, अमृताने, दोन वाक्यं लिहिली होती. ‘गाणं बुद्धभूषणचं आहे. डबा कुणाचा होता ते याला विचारा.’ त्यावरून लोकांची दिवसभर जुंपली. पारसने ती दोन वाक्यं पुसून टाकली. पुसलं की गेलं, अशी त्याची समजूत होती. पण तेव्हापासून त्या ओळीपाशी आलं की त्याचा आवाज चिरकायचा. येत्या रविवारी पुण्यात मोठा कार्यक्रम होता, आणि पोस्टरवर गाण्याच्या नावाखाली त्याचं एकट्याचं नाव होतं. बुद्धभूषण मात्र आजवर अवाक्षर बोलला नव्हता. त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर पारसला जरा बरं वाटलं असतं.

ते शिनोलीत पोचले तेव्हा बुद्धभूषण ओट्यावर बसून पाण्याच्या पंपाच्या जळालेल्या मोटारीत तांब्याची तार भरत होता. मागे भिंतीशी जुनी चादर टाकलेला ड्रम उभा होता. शेठनी चपला पायरीपासून चांगल्या लांब काढल्या आणि कठड्याला धरून ते वर चढले. पारस बुटांसकट खाली अंगणातच थांबला.

“या शेठ, या. बसा,” बुद्धभूषण गडबडीने उठला. “पारस, तू बी ये की.”

“बसायला नाही आलो.” शेठनी हात जोडले. “बुद्धभूषण, तेव्हा पर्युषण चालू होतं. गोडाऊनमध्ये तुझ्या डब्यात अंड्याचं कालवण दिसलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, डबा बाहेर, चपला बाहेर, तू बी बाहेर! दारी आलेल्या पोराला असं बोललो. माझं चुकलं. मिच्छामि दुक्कडम्.”

पारसने मान खाली घातली. पुण्यात पोरं मुठी उंचावून जे ओरडत, ते हेच शब्द होते, याच क्रमाने. शेठनी ते गाणं कधी ऐकलं नव्हतं. असल्या गोंगाटात त्यांचं मशीन शिट्टी मारायचं.

“हात खाली घ्या, शेठ.” बुद्धभूषणने त्यांचे दोन्ही हात धरले. “मोठं मानूस तुमी. कवाच इसारलो मी.”

तो विसरलेला नव्हता हे तिथे शेठ सोडून सगळ्यांना माहीत होतं. अमृता पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिने पारसकडे सरळ पाहिलं.

शेठ खुर्चीवर टेकले. पाणी प्यायले. मग त्यांना राहवलं नाही.

“पण एक विचारू का? तुला आमचं सगळं माहीत होतं. मग पर्युषणात डबा आणलासच का रे?”

“मी सांगू?” अमृता म्हणाली.

“अमृता, चहाचं बघ.”

ती जागची हलली नाही. बुद्धभूषण खाली बसला, तारेचं टोक चिमटीत धरून म्हणाला, “चुकलं व्हतं माजं, शेठ. ध्यानात न्हाई ऱ्हायलं.”

तेव्हाही त्याने असंच अंगावर घेतलं होतं. त्या सकाळी फोन पारसने केला होता. हिरवी भाजी बंद आहे, तोंडाला चव नाही, तुझ्या आईला, पारूबाईंना सांग, कालवण कर, भाकऱ्या जास्त घाल. शेठ दारात उभे राहिले तेव्हा पारसच्या तोंडात घास होता. तो त्याने गिळला, हात पँटीला पुसला आणि मित्राला चपला उचलताना बघत तो गप्प उभा राहिला. आज पुन्हा गप्प राहणं सोपं होतं. रविवारही आरामात पार पडला असता.

“त्याचं नाही चुकलं, पप्पा,” पारस म्हणाला. “डबा त्याचा होता. भूक माझी होती.”

बुद्धभूषणच्या हातातली तार थांबली.

शेठनी मशीन चाचपलं. “काय म्हणतोय? मोठ्यानं बोल.”

अमृता दारातून पुढे ओट्याच्या कडेला आली. पारसने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ती ओळ शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुन्हा म्हटली.

शेठनी मशीनवरचा हात खाली घेतला. बुद्धभूषणकडे बघून झालं, मुलाकडे बघून झालं.

“मग खाली उभा राहून मला काय सांगतोस?” ते म्हणाले. “बूट काढ. वर ये, आणि त्याला सांग.”

पारस लेस सोडायला वाकला. गाठ काही केल्या सुटेना. वर कुणालाच घाई नव्हती.