मथळ्यातलं नाव

मी लाल शाईचा पेन. वर्तमानपत्राच्या कचेरीत, उपसंपादक बाईंच्या हातात माझी पंधरा वर्षं गेली. त्यांना नोकरी लागली तेव्हा वडिलांनी मला विकत घेतलं आणि लेकीला बजावलं, "लोकांच्या चुका काढ, पण आपल्याही बघ."

ह्रस्व-दीर्घ सुधारायचं, पाल्हाळ कापायचं, हे माझं काम. मथळेही माझ्याच टोकातून उतरायचे. सहा वर्षांपूर्वी दूरच्या एका शाळेत एकाने मुलांवर गोळ्या झाडल्या. बाईंनी मथळा दिला, 'एकट्याने देश हादरवला'. खाली त्याचा भलामोठा फोटो. अंक हातोहात खपला. सगळ्यांनी बाईंची पाठ थोपटली. मीही फुशारलो.

मागच्या महिन्यात आमच्याच शहरातल्या शाळेत तसंच घडलं. चार मुलं आणि एक शिक्षिका गेली. दुपारी आमचा वार्ताहर पोलीस ठाण्यातून थेट बाईंच्या टेबलाशी आला.

"ताई, त्या गोळ्या झाडणाऱ्याच्या कपाटात एक कात्रण सापडलंय. जपून ठेवलेलं. आपल्याच अंकाचं."

"कुठलं?"

त्याने सहा वर्षांपूर्वीचा तो मथळा सांगितला. मी बाईंच्या बोटांतून निसटून टेबलावर पडलो.

तेवढ्यात पानाचं प्रूफ आलं. पुन्हा फोटो, मथळ्यात गोळ्या झाडणाऱ्याचं नाव आणि त्यापुढे 'बळींचा उच्चांक'. बाईंनी मला उचललं. फोटोवर काट. 'उच्चांक' खोडला. त्याचं नाव मथळ्यातून काढून आतल्या एका ओळीत, एकदाच ठेवलं. मग शाळेच्या कारकुनाला फोन लावून गेलेल्यांची नावं एकेक अक्षर विचारून घेतली.

संपादक साहेब वैतागले. "अहो, ते नाव पोराटोरांच्या तोंडी झालंय. आपण झाकून काय होणार?"

"झाकत नाही, साहेब. बातमीत आहे. फक्त त्याची मिरवणूक नको."

"आणि खप?"

"मागच्या वेळी खपला होता. त्यातला एक अंक कुठे गेला, ते आज कळलं."

साहेबांनी पान पुढे ओढलं. खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. "तिच्या नावातली वेलांटी दुसरी आहे. तुम्हीच तेवढी बरोबर छापलीत. पहिली दिली की ती भांडायची."

फोन ठेवून बाईंनी पुढचं पान तपासायला घेतलं.

आता माझं टोक झिजलंय. पण टोपण निघालं की अजून धास्ती वाटते. ते जुने अंक आणखी किती घरांत असतील? छापलेल्या कागदावर मला काट मारता येत नाही. तुम्ही असं काही लिहीत असाल, तर पान छापायला जाण्याआधी थांबा. नंतर माझा काही उपयोग नसतो.